कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसाजे

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत सहली नेहमी जातात. दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत मुले सावलीला बसतात, डबे उघडतात आणि भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांकडे पाठ करून छायाचित्रे काढतात. त्या भिंतींवर नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांपैकी एकात सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा जमीनखरेदीचा व्यवहार कोरलेला आहे. भिक्षूंच्या अन्नाची सोय व्हावी म्हणून उषवदाताने एक शेत विकत घेऊन दान दिले. लेख सांगतो की हे शेत वाराहीपुत्र अश्विभूती या ब्राह्मणाकडून घेतले; ते त्याच्या वडिलांचे होते; ते नगराच्या शिवेवर वायव्येला होते; आणि किंमत चार हजार कार्षापण, तीही आधी शब्दांत व मग आकड्यात. त्याच ओसरीतल्या दुसऱ्या लेखात, दिलेले दान निगमसभेत वाचून दाखवले आणि रिवाजाप्रमाणे ‘फलकवारा’त निबद्ध केले, असे म्हटले आहे. फलकवार म्हणजे नोंदी ठेवण्याची जागा, असा अर्थ अभ्यासक लावतात.

विकणारा कोण, त्याच्याकडे ती जमीन कुठून आली, ती आहे कुठे, पैसे किती दिले आणि चारचौघांत वाचून ते कुठे नोंदले : आजच्या खरेदीखतात याहून फारसे वेगळे काही नसते. कागद वाढले, शिक्के वाढले, आता संगणकही आला. पण मूळ पाच प्रश्न तेच आहेत.

मी इतिहास शिकवतो, तरी या विषयाकडे मी इतिहासातून आलो नाही. माझे वडील तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधक कार्यालयासमोर कडुनिंबाखाली बसून दस्त लिहीत. उन्हाळ्याच्या सुटीत मसुद्याची स्वच्छ प्रत करण्याचे काम माझ्याकडे असे. त्यामुळे ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ हे शब्द मी कर्ता-कर्माच्या आधी शिकलो. आज माझे विद्यार्थी, आणि त्याहून अधिक विद्यार्थिनी, तास संपल्यावर एखादा कागद पुढे करून विचारतात, “सर, यावर सही करू का?” त्यांच्यासाठी हा लेख आहे. दस्त, त्याची नोंदणी आणि सात-बारा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक त्या एकच समजतात आणि बहुतेक भांडणे त्या समजुतीतून निघतात.

प्रथम दस्त. स्थावर मिळकत शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीची असेल तर ती नोंदणीकृत लेखानेच विकता येते, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ सांगतो. शंभर रुपयांत आज जमिनीवरचे ढेकूळही येत नाही, तेव्हा हा नियम सगळ्यांनाच लागू असे समजावे. नोटरीसमोर केलेला करार, साठेखत, कुलमुखत्यारपत्र हे खरेदीखत नव्हे. कुलमुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र असा जुडगा बांधून जागा ‘विकण्याची’ पद्धत दिल्लीकडे फार बोकाळली होती. २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अशा कागदांनी मालकी जात नाही, असे स्पष्ट सांगितले. आपल्याकडेही शहरांच्या कडेला असले कागद हातात घेऊन घर बांधलेली माणसे भेटतात.

खरेदीखताची भाषा हा मराठीच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावा असा प्रकार आहे. ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसाजे’ या वळणात जुन्या पत्रव्यवहाराची मराठी अजून जिवंत आहे. पुढे मिळकतीचे वर्णन येते : मौजे, तालुका, जिल्हा, गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आकार रुपये-पैशांत आणि मग चतुःसीमा. पूर्वेस कोणाचा गट, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस कोण. त्यानंतर ‘येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत, त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’ हे पालुपद. मग भरण्याचा तपशील, म्हणजे पैसे कसे पोचले. मग ताबा दिल्याचे वाक्य. मिळकत निर्वेध असल्याची हमी. आणि शेवटी ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता’.

ही पालुपदे डोळे मिटून लिहिली जातात आणि डोळे मिटून ऐकली जातात. वडिलांची मात्र एक सवय होती. सही घेण्यापूर्वी ते सबंध दस्त लिहून देणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवत. समोरचा माणूस पदवीधर असला तरी वाचत. एकदा एका म्हाताऱ्या बाईंचे अर्धा एकर शेत शेजारी घेत होता. वडील ‘जल, तरू, तृण’पाशी आले आणि बाईंनी हात वर केला.

“भाऊसाहेब, तरू म्हंजी?”

“झाड, मावशी. वावरातली झाडं.”

“मग बांधावरली चिंच बी गेली का?”

“असं लिहिलं तर गेली.”

बाई म्हणाल्या, चिंच मी विकली नाही, ती माझ्या सासूनं लावलीय. घेणारा हसला, पण चिंचेपायी व्यवहार मोडावा असे त्यालाही वाटले नाही. मसुदा पुन्हा लिहिला. ‘पश्चिमेकडील बांधावरील चिंचेचे एक झाड वगळून’ असे शब्द घातले आणि लिहून देणार यांना हयात असेपर्यंत त्या झाडापर्यंत जाण्या-येण्याचा हक्क ठेवला. वडिलांनी दुसऱ्या लिखाणाचे पैसे घेतले नाहीत. मला त्या दिवशी कळले ते एवढेच, की पालुपदातल्या प्रत्येक शब्दाला जमिनीवर काहीतरी उभे असते.

दस्त लिहिण्याआधीचे काम खरे कष्टाचे. घेणाऱ्याने निदान गेल्या तीस वर्षांचा शोध घ्यावा, असा वकिलांचा रिवाज आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेल्या प्रत्येक दस्ताचा गोषवारा सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे लोक ज्याला इंडेक्स टू म्हणतात त्यात असतो. ही सूची कोणालाही ठरावीक फी भरून पाहता येते, कारण ती लोकांनी पाहावी म्हणूनच ठेवली आहे. त्याच्या जोडीला सात-बारा, खात्याचा आठ-अ आणि सात-बाऱ्यावर आलेल्या प्रत्येक फेरफाराची नक्कल. नुसता आजचा सात-बारा पाहून जमीन घेणे म्हणजे पुस्तकाचे शेवटचे पान वाचून परीक्षेला बसणे. फेरफार मागे मागे वाचत गेले की कोणत्या वारसाचे नाव कधी लागले, कोणाचे लागलेच नाही, हे दिसू लागते. सात-बाऱ्यावरील ‘इतर अधिकार’ या सदरात सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कधी बहिणींची नावे असतात. तेथे अक्षरे बारीक असली तरी मजकूर बारीक नसतो.

शेतजमीन असेल तर आणखी काही अडसर आहेत. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. भोगवटादार वर्ग दोनची जमीन असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर महसूल संहितेत कडक निर्बंध आहेत. हे सगळे इसार देण्याआधी पाहायचे. नंतर पाहणाऱ्याला फक्त पावती पाहायला मिळते.

मग मुद्रांक. दस्तात लिहिलेली किंमत आणि सरकारच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्याप्रमाणे येणारे मूल्य यांपैकी जे अधिक त्यावर मुद्रांक शुल्क बसते. नोंदणी फी वेगळी. पूर्वी हे शुल्क मुद्रांकाच्या कागदातूनच भरले जाई. नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात छापलेले ते जाड कागद वडील तेलकट हाताला शिवू देत नसत. तेलगी प्रकरणात खोट्या मुद्रांकांचा पूर देशभर वाहिला, आणि मोठ्या रकमांचे कागद जाऊन बँकेमार्फत व संगणकावरून शुल्क भरण्याची पद्धत रूढ झाली. कागदाचा रुबाब गेला, पण खोटेपणाची एक वाटही बंद झाली. शुल्क वाचवण्यासाठी किंमत कमी दाखवण्याचा मोह अजून आहेच. त्याने शुल्क फारसे वाचत नाही, कारण तक्ता डोक्यावर बसलेला असतो. उलट उद्या व्यवहार फिसकटला तर कागदावर जेवढे लिहिले तेवढेच पैसे सिद्ध करता येतात.

आता नोंदणी. सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त दुय्यम निबंधकांपुढे हजर करावा लागतो. अपरिहार्य कारणाने उशीर झाला तर आणखी चार महिन्यांपर्यंत दंड भरून जिल्हा निबंधकांच्या आदेशाने तो स्वीकारला जाऊ शकतो; त्यापुढे नाही. एकदा नोंदला की दस्ताचा अंमल नोंदणीच्या नव्हे, सही झालेल्या दिवसापासून धरतात. कार्यालयात लिहून देणाऱ्याला विचारले जाते की हा दस्त तुम्हीच करून दिला का, मजकूर मान्य आहे का. तो ‘होय’ म्हणाला की कबुलीजबाब झाला. छायाचित्र, अंगठ्याचा ठसा, ओळख देणाऱ्यांच्या सह्या, मग दस्ताला क्रमांक पडतो. कोणी अंथरुणाला खिळलेला असेल तर विशेष कारण दाखवून अधिकाऱ्याला घरी बोलावण्याची सोय नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३१ मध्ये आहे. हे फार थोड्यांना माहीत असते, म्हणून आजारी माणसाला खाटेवर घालून कार्यालयाच्या पायऱ्या चढवताना मी पाहिले आहे.

ओळख देणाऱ्यांविषयी महाविद्यालयीन तरुणांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कार्यालयाबाहेर कोणीतरी म्हणतो, “आधार कार्ड आहे ना? एक सही कर, चहापाणी देतो.” ही सही चहापाण्याची नसते. ‘हा माणूस तोच आहे, मी त्याला ओळखतो’, असे तुम्ही सरकारी अधिकाऱ्यापुढे सांगत असता. तोतया उभा करून जमिनी विकल्या जातात त्या अशाच सह्यांच्या आधारावर. नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ खाली तोतयेगिरीला, खोट्या निवेदनाला आणि त्यांना मदत करणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

येथवर झाले म्हणजे मिठाई वाटायला हरकत नाही, असे बहुतेकांना वाटते. पण दुय्यम निबंधकाने नेमके काय केले? मुद्रांक पुरेसा आहे का, माणसे तीच आहेत का, वेळेत आली का, त्यांनी दस्त कबूल केला का, हे पाहिले. विकणारा त्या जमिनीचा खरा मालक आहे का, हे ठरवण्याचे काम कायद्याने त्याच्याकडे दिलेलेच नाही. तामिळनाडूने असा अधिकार आपल्या नियमांत घातला होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. म्हणजे उद्या मी शनिवारवाड्याचे खरेदीखत करून दिले तर ते केवळ नोंदले गेले म्हणून शनिवारवाडा कोणाचा होणार नाही. माझ्याजवळ जेवढा हक्क आहे तेवढाच पुढे जाईल आणि तो शून्य आहे. आपल्याकडे दस्त नोंदला जातो, मालकी नोंदली जात नाही. हे वाक्य वडील प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आणि गिऱ्हाईक मान डोलावून विसरून जाई.

दस्त नोंदल्यानंतर दुसरे कार्यालय सुरू होते, ते तलाठ्याचे. (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून तलाठीच.) नोंदणीची वर्दी तिकडे जाते, आता बरीचशी संगणकातूनच. तलाठी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद घालतो, चावडीवर नोटीस लावतो आणि हितसंबंधितांना कळवतो. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. न आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सात-बाऱ्यावर नवे नाव चढते. शहरात हेच काम नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर होते.

सात-बारा हा महसुलाचा कागद आहे. शेतसारा कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी तो जन्माला आला. त्यातील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढे वजन महसूल संहितेने तिला दिले आहे. पण फेरफाराने मालकी निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही, असे १९९६ च्या सावर्णी विरुद्ध इंदर कौर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मालकी दस्तातून किंवा वारशातून येते. तरीही व्यवहारात पीककर्ज, पीकविमा, सरकारी मदत आणि भूसंपादनाचा मोबदला यांसाठी पहिल्यांदा मागतात तो सात-बाराच. म्हणून दस्त कपाटात आणि नाव वाऱ्यावर, अशी स्थिती ठेवू नये.

या सगळ्या दस्तांत एक दस्त असा आहे की ज्यात पैसे मोजले जात नाहीत, घासाघीस होत नाही, आणि तरी कदाचित सर्वांत मोठी मिळकत जाते. तो म्हणजे हक्कसोडपत्र. वडील वारले, तेरावे झाले, वारस नोंदीत आई, भाऊ आणि बहिणी यांची नावे लागली, मग एके दिवशी भावाचा फोन येतो, “ताई, तालुक्याला ये, एक सही पाहिजे.” मुद्रांक नाममात्र असतो. बहीण सासरहून येते, छायाचित्र काढते, अंगठा देते, भावजय साडी नेसवते. कायद्याने तिला काय दिले होते याची तिला अनेकदा कल्पना नसते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या मागे मुलीला वारस केले. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला, पण तोपर्यंत लग्न झालेल्यांना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद गेला. वडील त्या दिवशी हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्माने आहे, असे विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

बहिणीने हक्क सोडू नये, असे मी म्हणत नाही. भावाने आई-वडिलांना सांभाळले, कर्ज फेडले, बहिणीच्या लग्नात जमीन गहाण ठेवली, अशी घरे मी पाहिली आहेत, आणि तेथे आनंदाने सोडलेला हक्क पाहून डोळे भरून आले आहेत. माझा आग्रह एवढाच की तो वाचून सोडावा. काही दस्तांत गट नंबर एक सांगितलेला असतो आणि लिहिलेले असतात चार. शेवटी ‘व इतर सर्व स्थावर मिळकतीतील’ असे पाच शब्द घातलेले असतात. शिवाय हा दस्त नोंदला की तो परत घेता येत नाही. फसवणूक किंवा दडपण झाले असे म्हणायचे तर दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो, तोही कळल्यापासून तीन वर्षांत, आणि ते सिद्ध करण्याचे ओझे सही करणारीवर असते. ज्या कागदावर ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने’ म्हणून सही आहे त्याविरुद्ध बोलणे सोपे नसते.

म्हणून, मुलींनो, सही करण्यापूर्वी मसुदा दोन दिवस घरी मागून घ्या. प्रत्येक गट नंबराचा सात-बारा शेजारी ठेवून ताडून पाहा. तो आता महाभूलेख संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. मिळकत कोणाच्या नावे सोडली जात आहे, एकाच भावाच्या की दोघांच्या, ते पाहा. आईचे नाव कुठे आहे ते पाहा. तिच्याकडूनही त्याच दिवशी सही घेतली जात असेल तर तिच्या राहण्याची आणि खर्चाची तरतूद त्याच दस्तात लिहून मागा. तोंडी वचनाला सूची क्रमांक दोनमध्ये जागा नसते. आणि वडील हयात असून मिळकत त्यांनी स्वतः मिळवलेली असेल तर तुमच्याकडे सोडण्यासारखा हक्क आजच नाही; वारसा मिळण्याची नुसती आशा कायद्याने हस्तांतरित होत नाही. मग ती सही कशासाठी मागितली जात आहे, हे शांतपणे विचारा.

खरेदी असो वा हक्कसोड, शेवटचे काम सहसा राहून जाते. फेरफार प्रमाणित झाल्यावर नवा सात-बारा काढून नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव, क्षेत्र आणि फेरफार क्रमांक अक्षर न् अक्षर तपासावा. ‘शिंदे’चे ‘शिदे’ झाले तर त्या एका अनुस्वारासाठी पुढे बँकेत, न्यायालयात आणि तहसिलीत प्रतिज्ञापत्रे द्यावी लागतात. चूक लगेच लक्षात आली तर दुरुस्तीचा अर्ज सोपा असतो. जुने नाव सात-बाऱ्यावरून खोडत नाहीत, त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफार क्रमांक लिहितात. तो क्रमांक घेऊन उद्या कोणीही, अगदी त्या घरातली नातही, नोंदवहीच्या त्या पानापर्यंत जाऊन आजीने काय लिहून दिले होते ते वाचू शकते.